धुराचा दाखला आणि तुंबलेला डबा

एका जंगलात एक घाट होता, बाळांनो. घाटाखाली नदी होती आणि घाटावर वानरांची वाडी होती. नदीला बारा महिने पाणी असायचं. वाडीचा झरा मात्र होळी झाली की आटायचा. असं का, ते देवाला विचारा.

मग वाडीला पाणी कोण द्यायचं? रखमाजी अस्वल. त्याच्याकडे एक जुना टेंपो होता. रोज सकाळी तो नदीवर आठ पिंपं भरायचा आणि वर न्यायचा. वानरांची पोरं टेंपोचा आवाज ओळखायची. आवाज आला की भांडी घेऊन वळणावर येऊन बसायची.

त्या वर्षी चैत्रात टेंपोला दम लागायला लागला. सपाटीला बरा चालायचा. घाट आला की धापा टाकायचा. आठ पिंपांची सहा झाली, सहाची चार झाली. एक दिवस दुसऱ्या वळणावर तो उभाच राहिला. रखमाजीने त्याला समजावलं, थोपटलं, मागून ढकललं. टेंपो काही हलेना. शेवटी दोन पिंपं खांद्यावर घेऊन अस्वल चालत वर गेलं.

वर चंद्राक्का वानरीण वाट बघत होती. तिच्या पोटाशी चार दिवसांचं पिल्लू होतं.

"भाऊ, आज दोनच?"

"दोनच, अक्का. उद्या आणतो सगळी."

"उद्याचं उद्या बघू. आधी तू घोटभर पी. जीभ बघ कुठवर आलीय."

तिने तांब्या पुढे केला. रखमाजीने पिल्लाकडे बघितलं आणि तांब्या तसाच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेंपो काटेकर मेस्त्रीकडे गेला. मेस्त्री म्हणजे साळिंदर. त्याला हत्यारांची पेटी लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटायचा, काम करायचं, पुन्हा खोचून ठेवायचा.

मेस्त्री टेंपोखाली शिरला. ठोकून बघितलं. मग खालूनच म्हणाला, "रखमाजी, याचं नाक चोंदलंय."

"कसं चोंदेल? गेल्या महिन्यात धुराच्या तपासणीत याचा पहिला नंबर आला. बगळे साहेबांनी हार घातला."

आता ही तपासणी कशी, ते ऐका. त्या जंगलाची एक रीत होती. शुभ्रकांत बगळे साहेब गाडीच्या मागे एका पायावर उभे राहायचे. गाडी सुरू करायची. साहेब वीस आकडे मोजायचे आणि मग आरशात बघायचे. पांढरेच राहिले तर गाडी पास. एक पीस जरी काळवंडलं तर नापास. साहेब फार सरळ पाखरू होतं. कुणाची मासळीसुद्धा घेत नसत.

"पहिलाच येणार," मेस्त्री बाहेर येत म्हणाला. "सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. तो धूर गाळतो. त्याच्या आत बारीक जाळी असते, अगदी मधाच्या पोळ्यासारखी."

"मधाच्या?" रखमाजीचे कान उभे राहिले.

"मधाच्या नव्हे रे, पोळ्यासारखी! ती तुंबलीय. धूर बाहेर पडेना, म्हणून इंजिनाला श्वास घेता येईना. आणि काही बाहेरच पडलं नाही, तर साहेब काळे कशाने होतील?"

मेस्त्रीने डबा सोडवून ठेवला आणि तो चहाला गेला. परत येऊन बघतो तर काय? रखमाजी डब्यात जीभ घालून बसलेला. जीभ पार काळी झालेली.

"अरे, मी सांगितलं ना तुला!"

"तू पोळं म्हणालास, मेस्त्री. तळाला थोडं राहतं कधीकधी."

बाळांनो, त्याला हसू नका. अस्वलाला पोळं म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही.

मेस्त्रीने फळीवरून एक नवा डबा काढला. "कंपनीचा मागवला तर दोन पावसाळे जातील. हा बाजारातला आहे. हाय-फ्लो म्हणतात याला. जाळी मोकळी आहे. धूर गाळतो, पण अडवून धरत नाही."

"हा साहेबांना चालेल का?"

"घाटाला चालेल. साहेबांचं तू साहेबांना विचार."

नवा डबा बसला. रखमाजीने आठ पिंपं भरली. टेंपो पहिलं वळण चढला, दुसरं चढला आणि तिसऱ्याला तर गाणं म्हणत चढला. वाडीत त्या दिवशी पोरांनी आंघोळी केल्या. चंद्राक्काने पिल्लाचं तोंड पुसलं तेव्हा कळलं की ते गोरं आहे.

पण दाखला महिन्याचाच असतो. महिना भरला.

बगळे साहेब टेंपोमागे उभे राहिले. रखमाजीने चावी फिरवली. टेंपो खुशीत गुरगुरला. साहेबांनी वीस मोजले, आरशात बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. शेपटीचं एक पीस राखाडी झालं होतं.

"नापास. टेंपो आजपासून बंद."

"साहेब, एकच पीस आहे हो! तेही जरासंच."

"जरासं असं काही नसतं. पांढरं असतं, नाहीतर नसतं."

"वाडीला पाणी कोण नेणार? अक्काचं पिल्लू महिन्याचं आहे."

साहेबांनी उचललेला पाय खाली ठेवला आणि दुसरा उचलला. मग हळूच म्हणाले, "वाडीच्या उंबरावर माझी आत्या राहते. म्हातारी आहे. रखमाजी, तो जुना डबा तुम्ही टाकून तर नाही ना दिलात?"

"नाही. मेस्त्रीकडे आहे."

"पहिला नंबर आलेली वस्तू. अशी टाकू नये. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे."

संध्याकाळी टेंपो परत आला. जुना डबा बसवलेला. चावी फिरवली. टेंपो खोकला, गुदमरला आणि अकराव्या आकड्याला बंद पडला. साहेब डोळे मिटून वीसपर्यंत मोजत राहिले. मग आरशात बघितलं. दुधासारखे पांढरे.

"पास," साहेब म्हणाले. "सुंदर गाडी आहे."

तासाभराने मेस्त्रीने पुन्हा नवा डबा बसवला. सकाळी पिंपं वर गेली.

अशा गोष्टी जंगलात लपत नाहीत. आठवड्यात हत्ती आला. "मेस्त्री, तो डबा एक दिवस द्या ना." मग रानडुकरांची जीप आली. मग गव्यांची लग्नाची बस आली. तपासणीला जुना डबा, रस्त्याला मोकळा डबा. मेस्त्रीने जुना डबा खुंटीला टांगला. कुणीतरी त्याला कुंकू लावलं. महिन्याभरात त्या जंगलातली एकूण एक गाडी पास झाली. घाटात मात्र समोरचं दिसेना.

ही कीर्ती सिंह महाराजांच्या कानावर गेली.

"एवढा स्वच्छ डबा आणि तो खुंटीला?" महाराज गरजले. "आमच्या गाडीला कायमचा बसवा! त्याच गाडीतून आम्ही वाडीवर जाऊ आणि स्वच्छतेवर भाषण करू."

मेस्त्री काही बोलायला गेला. कोल्हे प्रधानांनी डोळे वटारले. मेस्त्रीने गुपचूप डबा बसवला.

महाराजांची गाडी निघाली. दुसऱ्या वळणावर ती उभी राहिली. मागून रखमाजी येत होता, आठ पिंपं घेऊन. वर पोरं भांडी वाजवत होती. रखमाजीला वाटलं, आता आपल्याला अडवणार आणि आज वाडी कोरडी राहणार.

पण प्रधान म्हणाले, "ए अस्वला, दोर आहे का?"

"आहे, सरकार."

"मग बांध."

टेंपोने आठ पिंपं आणि एक राजा ओढायला घेतला. एवढं ओझं त्याने कधी ओढलं नव्हतं. त्याने दात-ओठ खाल्ले आणि सगळा धूर मागे महाराजांच्या आयाळीवर सोडला.

महाराज ठसकले. "प्रधान, हा धूर आमच्या गाडीचा?"

"छे, महाराज! आपल्या गाडीतून कणभरही धूर येत नाही. हा पुढच्या टेंपोचा."

"नालायक! त्याच्यावर खटला भरा!"

"आत्ताच्या आत्ता भरतो. थांबवू टेंपो?"

महाराजांनी खाली दरीत बघितलं. मग वर बघितलं.

"वर पोचल्यावर," ते म्हणाले.

वर पोचल्यावर भाषण झालं. तोवर चंद्राक्काने आठही पिंपं उतरवून घेतली. महाराजांना वाडीची हवा इतकी आवडली की ते दर महिन्याला यायला लागले. दर महिन्याला दोर बांधायचा. दर महिन्याला खटल्याची तारीख पुढे ढकलायची. महाराजांना ओढणाऱ्या टेंपोचा दाखला मात्र कुणी विचारायचा नाही.

तो खटला अजून चालू आहे. रखमाजीचा टेंपोही.

तात्पर्य: बाळांनो, स्वच्छ राहायचं असेल तर जागचं हलू नये. तरीही वर जायचंच असेल, तर धूर सोडणाऱ्या कुणाच्या तरी मागे दोर बांधून घ्यावा. त्याला शिक्षा जरूर करावी, पण घाट संपल्यावर.