सेफ्टी व्हॉल्व्हला दिलेली समज

१९७४ सालच्या एप्रिलात सोलापुरातल्या एका कापड गिरणीला, अपघात होण्याआधीच तो टाळावा, असा हुकूम आला. हुकूम मुंबईहून आलेला, तीन प्रतींत आणि तातडीचा होता. प्रत्येक खात्यातल्या जाणत्या माणसांना 'जोखीम-विश्लेषण व व्यवस्थापन' या विषयाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, हजेरी शंभर टक्के असावी आणि प्रमाणपत्र नसलेल्या इसमास यापुढे धोक्याच्या जागी कामास ठेवू नये, असे त्यात म्हटले होते.

शेवटचे कलम गुरप्पाने दोनदा वाचून घेतले. सव्वीस वर्षे तो गिरणीचा बॉयलर सांभाळत होता. माणसांशी तो मराठीत बोले आणि बॉयलरशी कानडीत, कारण दोघांत बॉयलर जास्त समजूतदार आहे असे त्याचे मत होते. वाफ फार चढली की 'तडी, तडी', म्हणजे थांब, थांब, म्हणत तो आग आवरती घेई आणि काटा मुकाट्याने खाली येई. प्रमाणपत्र हुकले तर हा संसार मोडून गिरणीचे आवार झाडायची पाळी होती. निघताना बायकोने, नीलम्माने, बजावले होते, "दोन दिवस गप बसून या. तितं शाणपणा करू नगा."

वर्ग बॉयलरघराला लागून असलेल्या रिकाम्या गोदामात भरला. शिकवायला केळुसकर नावाचे अधिकारी आले होते. अंगात सफारी आणि बरोबर सुरक्षेवरच्या दोनशे पुस्तिकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा. पहिला दिवस त्यांनी 'जोखीम म्हणजे शक्यता गुणिले परिणाम' हे सूत्र सर्वांकडून पाठ करून घेण्यात घालवला. गुरप्पा गप बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गडबड झाली, आणि तीही अगदी नियमाला धरून. जाणती माणसे सगळी वर्गात, म्हणून बॉयलरवर कुंडलिक नावाचा बदली कामगार नेमला होता. मोडनिंबच्या स्टँडवर त्याने चहाच्या हॉटेलची भट्टी आठ वर्षे सांभाळली होती, आणि भट्टी ती भट्टीच, असे मॅनेजर हत्तुरे साहेबांचे म्हणणे पडले. कुंडलिक इमानदार माणूस. आग मंदावू द्यायची नाही एवढेच त्याला सांगितले होते, म्हणून तो कोळसा लोटत राहिला. इकडे वाफ वापरणारी रंगखात्याची आणि सुताला खळ देणारी सायझिंगची माणसे बाकांवर बसून सूत्र लिहीत होती. वाफेला जायला जागाच उरली नाही. शेवटी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि त्याने जी शिट्टी मारली, तिच्यात केळुसकरांचे 'धोक्याची पूर्वसूचना' हे प्रकरण पार बुडून गेले.

"हा कसला आवाज?" केळुसकर ओरडले.

"वाफ जादा झाली की त्यो आपसूक उघडतो, सायेब," गुरप्पा उठून म्हणाला. "सुरक्षेचाच आवाज हाय."

"सुरक्षेवर व्याख्यान चालू असताना सुरक्षेने आवाज करण्याचे कारण नाही."

"बंद केला तर बॉयलर फुटंल की."

केळुसकरांचा चेहरा उजळला. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी उदाहरण दिले होते. खडू उचलून त्यांनी विचारले, "हा बॉयलर आजवर किती वेळा फुटला?"

"एकदा बी न्हाय."

"म्हणजे शक्यता शून्य." त्यांनी फळ्यावर शून्य काढले. "परिणाम तुम्ही कितीही मोठा धरा. शून्य गुणिले काहीही?"

"शून्य!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"सायेब, त्यो फुटला असता तर मोजाया मी हितं बसलो असतो व्हय?"

"तो विषय या अभ्यासक्रमात नाही," केळुसकर म्हणाले. मग स्टोअरचा कारकून चनबसप्पा, जो पहिल्या बाकावर बसून मान डोलावत असे, आपण होऊन उठला. व्हॉल्व्हच्या दांड्याला काहीतरी जड टांगले की आवाज थांबतो, हे त्याला ठाऊक होते. जड असे जवळ एकच होते. त्याने पुस्तिकांचा गठ्ठा उचलला, बॉयलरवर चढून सुतळीने दांड्याला टांगला. शिट्टी घुसमटली आणि थांबली. मुंबईहून आलेल्या सुरक्षेचे गिरणीला इतके वजन यापूर्वी कधी जाणवले नव्हते.

आता गोदामात छान शांतता पसरली. रंगखात्याच्या दोघांना तर डुलकी लागली. गुरप्पाने मात्र भिंतीकडे कान लावला. सव्वीस वर्षे त्याने बॉयलर कानांनी सांभाळला होता, आणि एवढी वाफ चढलेली असताना तो इतका गप कधीच बसला नव्हता. भिंतीपलीकडून कुंडलिकच्या फावड्याचा आवाज तेवढा येत होता. नीलम्माचे शब्द आठवले, आवार आणि झाडू दिसले, आणि तरी तो उठला.

"वर्ग सोडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळणार नाही," केळुसकर म्हणाले.

"बरं," गुरप्पा म्हणाला आणि गेला.

काटा लाल रेघ ओलांडून पुढे गेला होता. व्हॉल्व्ह एकदम मोकळा करायची त्याला छाती झाली नाही. त्याने कुंडलिकच्या हातातले फावडे हिसकावले आणि 'तडी, यप्पा, तडी' असे पुटपुटत पेटती आग ओढून बाहेर काढली. निखाऱ्यांवर पाणी मारले. तासाभराने काटा खाली आला, तेव्हा गुरप्पा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. कुंडलिकने त्याला पाणी दिले आणि विचारले, "आग इजवायची हुती तर पेटवाया का सांगितलं?"

वाफ गेली, त्यामुळे पाचचा भोंगा झाला नाही. वेळापत्रकात 'समारोप : भोंग्यानंतर' असे छापलेले होते, आणि छापलेले मोडणे केळुसकरांच्या रक्तात नव्हते. ते शिकवत राहिले. साडेपाच झाले, सहा झाले, अभ्यासक्रम दोनदा संपला. फळ्यावरचे दिसेनासे झाले तेव्हा कुणीतरी तोंडानेच भोंगा वाजवला. तोवर साहेबांची मुंबईची गाडी कुर्डुवाडीच्या दिशेने निघून गेली होती.

अहवालात सगळे नीट आले. प्रशिक्षणकाळात एकही अपघात न घडल्याने प्रशिक्षणाची उपयुक्तता सिद्ध झाली होती. चनबसप्पा पहिला आला आणि प्रमाणपत्रासह बॉयलरवर नेमला गेला. गुरप्पा दीड तास गैरहजर. त्याच्या हाती झाडू आला. गठ्ठा दांड्यालाच राहिला, कारण तो काढण्याचा आदेश कुणीच दिला नव्हता. चनबसप्पा कोळसा बेताने घालायला शिकेपर्यंत सगळे देवाच्या भरवशावर होते.

गुरप्पाला बॉयलरला हात लावायची बंदी होती. पण 'सदर पुस्तिका प्रत्येक कामगाराने वाचावी' असेही परिपत्रक निघाले होते. गुरप्पा आज्ञाधारक. तो रोज सकाळी बॉयलरघर झाडायला जाई आणि गठ्ठ्यातल्या वीस पुस्तिका वाचायला घेऊन येई. नीलम्मा त्यांच्या कागदात भाकरी बांधून देऊ लागली. दहाव्या दिवशी दांड्याला नुसती सुतळी उरली. अकराव्या दिवशी दुपारी वाफ चढली आणि व्हॉल्व्ह गिरणीच्या चारी बाजूंना ऐकू जाईल असा खणखणीत बोलला. आवारात गुरप्पा झाडूवर हनुवटी टेकून, डोळे मिटून ऐकत राहिला.

चार दिवसांत शेजारच्या वस्तीचा तक्रारअर्ज आला. दहा दिवस दुपारची झोप छान लागत होती, ती पुन्हा मोडू लागली, तरी आवाजाचा तातडीने बंदोबस्त व्हावा. हत्तुरे साहेबांनी गुरप्पाला बोलावले. "या लोकांना काय उत्तर देऊ, सांग."

"आवाज यतोय तवर खुशाल झोपा म्हणावं, सायेब," गुरप्पा म्हणाला. "थांबला की उठा आन् पळा."

असे उत्तर देता येत नाही, म्हणून अर्ज अजून टेबलावरच आहे. त्यावर एकशे बारा सह्या आहेत, आणि खाली थोडी जागा शिल्लक आहे. दुपारी पडायची सवय तुम्हालाही असेलच.