भिंगाच्या कपाळी कुंकू

“पास झालास तर पुढचं सत्र कर. नापास झालास तर दुसऱ्या दिवसापास्नं हितं पट्ट्यापाशी उभं ऱ्हायाचं. बोल!”

हंबीरराव ही अट रोज सकाळी पिठाची गिरणी सुरू करताना घालत, आणि गिरणीच्या आवाजात ती ओरडूनच घालावी लागे. त्यामुळे चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नृसिंहाच्या परीक्षेची तारीख कोल्हापूरच्या निम्म्या मंगळवार पेठेला पाठ झाली होती. पोरानं बी.कॉम. अर्ध्यावर सोडून सिनेमाच्या वर्गाला नाव घातलं होतं. बापाच्या मते हे म्हणजे दळायला आणलेलं धान्य कोंबड्यांना टाकण्यासारखं होतं.

वर्ग एका फोटो स्टुडिओच्या माडीवर भरे. माधवराव नावाचे निवृत्त कॅमेरामन शिकवत. विद्यार्थी बारा आणि कॅमेरा एक, तोही घड्याळासारखी चावी द्यायचा. त्यात डोळा लावायचं भिंग बाजूला आणि चित्र घेणारं भिंग पुढं होतं. सत्राच्या शेवटी प्रत्येकाला पावणेतीन मिनिटांचं एकच रीळ मिळे. चुकलं तर चुकलं. पुण्याहून परीक्षक येणार, रीळ बघणार आणि निकाल तिथल्या तिथं सांगणार.

नृसिंहानं गोष्ट मोठी करुण रचली होती. एक म्हातारी दारात बसून लेकाच्या पत्राची वाट बघते, पत्र येत नाही, संपलं. म्हातारी शोधायला लांब जायची गरज नव्हती. हंबीररावांची थोरली बहीण तानाबाई घरातच होती आणि तिचा सिनेमाचा अनुभव माधवरावांच्या खालोखाल होता.

“बावीस शिनिमात काम केलंया म्या,” तानाबाई म्हणाली. “पर तोंड एकाबी शिनिमात न्हाय. कुठं पाठ, कुठं डोईवरची घागर. एकात तर नुसतं कोपार हाय. आमचे हे तिकीट काढून बघायला गेलते, तर कोपार वळखलं न्हाय त्यांनी!”

“आत्ती, ह्यात फक्त तुझं तोंडच हाय. पावणेतीन मिनिटं!”

“आन् दात न्हाईत त्याचं काय?”

“म्हातारीला कशाला पायजेत दात?”

“म्हातारी कुणाला म्हणतोस रं?” असं म्हणून ती नवं लुगडं नेसायला आत गेली.

चित्रीकरण गिरणीच्या शेजारच्या दारात, भर उन्हात ठरलं. नृसिंहानं कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, चावी भरली आणि छत्री शोधायला घरात गेला. तेवढ्यात तानाबाईनं जे केलं, ते कोल्हापुरात बावीस सिनेमांत उभी राहिलेली कुठलीही बाई करील. मुहूर्ताशिवाय कॅमेरा सुरू होतो म्हणजे काय? तिनं नारळ फोडला, कॅमेऱ्याच्या मानेत झेंडूचा हार घातला आणि कुंकवाचं बोट ओलं करून त्याच्या कपाळाला टेकवलं. आता कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं? जे पुढं गोल चकाकत होतं, तेच तिला कपाळ वाटलं. कुंकू अगदी मधोमध लागलं. तिचा हात त्या बाबतीत कधी चुकत नसे.

नृसिंहानं हार बघितला, हसून तो बाजूला सारला आणि शेजारच्या भिंगाला डोळा लावला. तिथून सगळं लख्ख दिसत होतं. माधवरावांचा पहिला धडा होता, तोंड मधोमध घ्या. त्यानं ते मधोमध घेतलं. तानाबाईनं असं काम केलं, असं काम केलं, की दळण घेऊन आलेल्या बायका डब्यावर बसून मुसमुसायला लागल्या. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले आणि नृसिंह आनंदानं टाळ्या पिटत नाचायला लागला. कॅमेरा बंद करायचा राहिला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चावी किर्रर्र करत चालूच होती.

“झालं का? रस्ता मोकळा करा! गिऱ्हाइकं तटल्यात!” म्हणत हंबीरराव गिरणीतून बाहेर आले. ते डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरे होते आणि खांद्यावर पंचा होता. गिरणीतलं पीठ सगळ्यावर बसतं. म्हणून तराजू असो, देवाची तसबीर असो की गिऱ्हाइकाचा चष्मा, दिसला की त्यावर हाः करायचं आणि पंच्यानं पुसायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता होता. समोरच्या भिंगावर त्यांना डाग दिसला. पुढं काय झालं याकडे कुणी लक्षही दिलं नाही.

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि एस.टी.च्या पार्सलनं थेट परीक्षेच्या सकाळी परत आलं. आधी बघायला सवडच मिळाली नाही. माडीवर पडदा लागला. परीक्षक कालिंदीबाई पुण्याहून आल्या होत्या. जाड चष्मा, करड्या रंगाची साडी आणि हातात लाल पेन्सिल. तानाबाई पहिल्या रांगेत जाऊन बसली. हंबीरराव निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला मागं दाराशी उभे राहिले.

दिवे गेले. पडद्यावर दार दिसलं, उंबरा दिसला, नवं लुगडं दिसलं आणि लुगड्याच्या वर, जिथं तोंड असायला हवं तिथं, एक भलामोठा काळा गोळा दिसला. गोळा तोंडावरनं हटेना. तानाबाई डावीकडं कलली तेव्हा नृसिंहानं इमानदारीनं कॅमेरा तिकडं वळवला होता, त्यामुळं गोळाही तिच्या तोंडाबरोबर डावीकडं गेला.

“आरं, माझं तोंड कुठाय?” तानाबाई अंधारात ओरडली. “तेविसाव्यातबी न्हाय?”

सगळी माडी खदखदत होती. गिरणीचा पट्टा नृसिंहाच्या डोळ्यांपुढं फिरायला लागला. आणि शेवटच्या बारा सेकंदांत पडद्यावर एकाएकी पीठ लागलेली मिशी आली, भिंतीएवढी. मिशीखालचं तोंड उघडलं, पडदा वाफेनं पांढरा झाला, पंचा गरागरा फिरला, आणि त्यामागून स्वच्छ, लख्ख तानाबाई प्रकटली. ती भावाच्या पांढऱ्या अवताराकडं बघून बोळक्या तोंडानं पोट धरून हसत होती. आता सगळी माडी तिच्याबरोबर हसायला लागली.

दिवे लागले. कालिंदीबाईंनी चष्मा सावरला. “तो काळा गोळा काय होता?”

नृसिंह उभा राहिला. सहा महिन्यांत एक गोष्ट त्याला पक्की समजली होती. अडचण आली की तिला प्रतीक म्हणायचं. “मॅडम, ते... विरहाचं प्रतीक...”

“कसलं परतीक?” तानाबाई वळून म्हणाली. “कुक्कू हाय ते! म्या लावलंतं!”

नृसिंह मटकन खाली बसला.

“आणि पुसलं कुणी?”

“म्या,” दारातून हंबीरराव म्हणाले. “घाण दिसली, पुसली. चुकलं काय बाई?”

कालिंदीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “सकाळपासून अकरा रिळं पाहिली मी. अकराही रिळांत भिंगावर बोटांचे ठसे आहेत. सहा महिन्यांत भिंग पुसायचं सुचलं ते एका गिरणीवाल्यांना! हा मुलगा पास, शेवटच्या बारा सेकंदांसाठी. आणि माधवराव, पुढच्या सत्रात या गृहस्थांना वर्गात घ्या.”

नृसिंहानं आनंदानं उडी मारली. हंबीरराव मात्र पडद्याकडं बघत उभे होते. आपली मिशी भिंतीएवढी बघितलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

जून उजाडला. हंबीरराव आंघोळ करून, कोट घालून, नवा पंचा खांद्यावर टाकून निघाले.

“दादा, मी पास झालोय!” नृसिंह कळवळून म्हणाला. “तुमची अट!”

“व्हय की. पुढचं सत्र कर म्हणालतो, कर की. पर पुढच्या साली. दोघंबी गेलो तर पेठंनं पीठ कुठनं खायाचं? संध्याकाळी येऊन शिकवतो तुला.” दारात ते थांबले. “आक्का, पयल्या रिळात काम तुझंच. तोंड धुऊन बस.”

तानाबाई करंडा घेऊन धावत आली. “थांब, मुहूर्ताचं कुक्कू!”

“लाव की,” म्हणत हंबीररावांनी मान पुढं केली. “पर हितं, माझ्या कपाळाला.”