सरदारचा गळा

सरदार घरात आल्यापासून पंधरा दिवसांत संतोषने दोन कड्या, तीन चपला आणि कडाव गावातली निम्मी इभ्रत गमावली होती. पळसदरीच्या एका फार्महाऊसवाल्याने "आई कुत्री, बाप लांडगा" असं सांगून हे वासराएवढं पिल्लू त्याच्या गळ्यात मारलं. संतोषचा मात्र त्याच्यावर जीव जडला. सरदार भुंकत नसे. पंजाने कडी काढी, परसात खड्डे खणी आणि सकाळी आठला घंटागाडी गाणं वाजवत आली की आभाळाकडे तोंड करून लांबलचक गळा काढी.

समोरच्या घरात गजाआबा महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलेले. कुत्रं रडलं की माणूस जातं, हे गावाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात हा अर्धा लांडगा, म्हणजे यमाच्या खास मर्जीतला.

वनिता आणि सुप्रिया, आबांच्या दोन्ही लेकी, खालापुरातून धावत आल्या.

"आबा, काय खावंसं वाटतं?"

"मटण," आबा क्षीण आवाजात म्हणाले. दुसऱ्या दिवशी गावठी कोंबडी म्हणाले. सुनेची, म्हणजे सुरेखाची, पेज तशीच निवत राहिली.

सुरेखा संतोषच्या दारात येऊन उभी राहिली. "भावजी, ह्ये ध्यान हलवा इथनं! सासरा माझा जायचा!"

"वैनी, त्यो रडत नाय. गाण्याला साथ देतो."

"मग पेटी आणून द्या की त्याला!"

संध्याकाळी आबांच्या खाटेशी बसून सरपंचांनी निकाल दिला, "उद्या रडला, तर टेंपोत घालून पळसदरीला."

"आन नाय रडला, तर आमी निघतो," सुप्रिया म्हणाली. "घरी कामं पडल्यात." आबांनी कूस बदलली.

संतोष रात्री सरदारला कुशीत घेऊन बसला. शेवटी त्याच्या बायकोने, नम्रताने, वाट काढली. "त्याचं इंजेक्शन राहिलंय ना? साडेसातलाच खालापूरला न्या. हितं नसला तर रडंल कसा?"

अकरा वाजता संतोष आणि सरदार परतले, तर आबांच्या अंगणात गाव जमलेलं.

"आज तर दोनदा रडला!" सरपंच कडाडले.

"अंगावर काटा आला बाई," वनिता म्हणाली. लेकींच्या पिशव्या पुन्हा खुंटीला गेल्या होत्या.

संतोषने डॉक्टरांचं कार्ड पुढे केलं. "सरदार साडेसातलाच खालापूरला गेल्ता. टेंपोवाल्याला इचारा."

सरपंचांनी कार्ड उलटसुलट वाचलं. मान खाजवली.

"राहू दे कुत्रं. पण मग रडलं कोण?"

आतून घोगरा आवाज आला, "सुरेखा, पायाचा रस्सा जरा गरम करून आण गं. घसा पार बसलाय."