रोजची पाच वाक्यं

शिवशंकर बिराजदार सरांचा हिशोब झोपेचा होता. लातूरच्या घरातून निघायचं, निलंग्यापर्यंत एसटी, तिथून पुढे काळीपिवळी जीप, आणि मग डोणहिप्परग्याची जिल्हा परिषद शाळा. जाणं-येणं मिळून रोजचे साडेचार तास! वर्षाला शाळेचे दोनशे वीस दिवस धरा. नऊशे नव्वद तास झाले. म्हणजे वर्षातले एक्केचाळीस दिवस आणि एक्केचाळीस रात्री हा माणूस खिडकीच्या गजाला डोकं टेकवून काढत होता. आणि अशी अकरा वर्षं झाली होती.

आता सुटकेची वाट दिसत होती. लातूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात इंग्रजीचा तज्ज्ञ म्हणून वर्षभरासाठी एक शिक्षक घ्यायचा होता. केंद्र सरांच्या घरापासून चालत सहा मिनिटं! वाटेत चहा घेतला तरी पंधरा. निवड करणार होत्या तालुक्याला नव्याने आलेल्या विस्तार अधिकारी मालविका मॅडम. त्या सातवीच्या वर्गावर येणार, मुलांचं इंग्रजी ऐकणार, आणि शेरेबुकात काय लिहितात त्यावर सगळं ठरणार. ‘उत्कृष्ट’ एवढा एक शब्द पडला, की सर सकाळी आठपर्यंत झोपायला मोकळे.

"पण मॅडमना पाठांतर चालत नाही हो," मुख्याध्यापक वसंतराव औसेकर म्हणाले. वसंतरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती ते खुर्चीतून न उठता संपवत होते. "मागच्या शाळेत एका पोरानं सांगितलं, माय हॉबी इज रीडिंग. मॅडमनी विचारलं, काय वाचतोस? पोरगं रडायलाच लागलं!"

"आपली पोरं रडणार नाहीत," बिराजदार सर म्हणाले. "महिन्याभरात स्वतःच्या डोक्यानं इंग्रजी बोलतील. नाही बोलली तर नाव बदलीन!"

दुसऱ्याच दिवशी फळ्यावर तीन नियम आले. प्रत्येकाने रोज पाच वाक्यं इंग्रजीत लिहायची. डोळ्यांनी बघितलेलंच लिहायचं. आणि काल लिहिलेलं किंवा शेजाऱ्यानं लिहिलेलं आज चालणार नाही!

पहिल्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गाई-म्हशी इंग्रजीत आल्या. दुसऱ्या आठवड्यात शेळ्या, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी आणि ग्रामपंचायतीसमोरचा न लागणारा दिवा. सर कौतुकाने वाचत होते. पण कौतुक किती दिवस पुरणार? एकतीस पोरं, पाच-पाच वाक्यं, रोजची एकशे पंचावन्न! तिसऱ्या आठवड्यापासून सर वह्या बसमध्ये तपासायला लागले. म्हणजे मांडीवर वही, हातात लाल पेन आणि डोळे मिटलेले. रस्त्यात खड्डा आला की बरोबरची खूण अर्ध्या पानापर्यंत जायची. दुसऱ्या दिवशी ते पोरगं वर्गभर वही नाचवायचं, "माजं सरांना लई आवडलंय बगा!"

प्रत्येक पानाखाली शेरा मात्र पक्का. ‘व्हेरी गुड’, सही, तारीख. मॅडमना तारखेसकट तपासणी लागते, असं वसंतरावांनी ऐकून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी सरांचा एक पाय जीपमध्ये होता, तेवढ्यात अमरेश पळत आला. हा सातवीतला सगळ्यात प्रामाणिक, आणि म्हणूनच सगळ्यात त्रासदायक मुलगा.

"सर, गाव संपलं!"

"काय संपलं?"

"बघायचं समदं संपलं. शेळ्या झाल्या, हीर झाली, आज्जीचे दात बी झाले. आता काय लिवायचं?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बस चुकली तर पुढची दीड तासाने.

"अरे, रोज डोळ्यांपुढून जे येतं-जातं ते लिहा की!" सर ओरडले आणि जीप निघाली.

पोरं आज्ञाधारक होती. रोज डोळ्यांपुढून काय येतं-जातं, ते बघायला लागली.

तपासणीच्या दिवशी सर पहाटेची बस धरून नऊलाच शाळेत हजर झाले. पोरांनी आधी सरांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दोन मुलींनी घाईघाईने वह्या काढून काहीतरी टिपून घेतलं. सरांना भरून आलं. काय अभ्यासू पोरं!

मालविका मॅडम अकराला आल्या. चाळिशीच्या, बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या गावात काय-काय आहे? आणि चमत्कार झाला! पोरं सुटली! कोणी गिरणी सांगितली, कोणी टाकी गळते कुठे ते सांगितलं, एकाने आजीच्या दातांची सद्यस्थिती दिली. चुका होत्या, पण कोणी थांबेना. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. वसंतराव तर खुर्चीतून चक्क उठून उभे राहिले.

"वह्या रोज तपासता?" मॅडमनी विचारलं.

"रोज! एक दिवस खाडा नाही."

"सगळी वाक्यं वाचता?"

"वाचल्याशिवाय सही करत नाही मॅडम!" सर म्हणाले. इथे ते थांबले असते तरी चाललं असतं. पण माणूस सुखात आला की थांबत नाही. "एकेक वाक्य माझ्या नजरेखालून गेलेलं आहे. तुम्ही कुठलंही पान काढा!"

मॅडमनी पहिल्या बाकावरच्या वर्षाराणीला उभं केलं. ही गावातल्या गुरुबसप्पांची नात. आवाज खणखणीत. तिने वही डोळ्यांसमोर धरली आणि बातम्या दिल्यासारखं इंग्रजी वाचायला सुरुवात केली. त्याचं मराठी असं:

"आमचे सर लातूरहून येतात. सोमवारी सर दहा पंचवीसला आले. मंगळवारी दहा चाळीसला आले. बुधवारी जीप भरलेली होती, सर मागे लटकून आले. गुरुवारी सर आले नाहीत, पण त्यांची सही आली."

आणि त्याच दमात तिने खालचं लालही वाचलं, "व्हेरी गुड. एस. बी. बिराजदार. चौदा तारीख."

सरांच्या कानात लातूरच्या बसची घरघर सुरू झाली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "अजून कोणी?"

एकतीसच्या एकतीस हात वर गेले!

"मॅडम, मॅडम," अमरेश बाकावरच चढला, "माज्याकडं सर जायच्या येळा हायत!"

"माझ्याकडं पाऊस होता त्या दिवसाचं हाय!"

खिडकीजवळच्या पोराने तर मुख्याध्यापक सर अडीच ते साडेतीन कसे घोरतात, ते लिहून खाली चित्रही काढलं होतं. त्यालाही ‘व्हेरी गुड’ होतं.

ते बघून वसंतराव अकरा वर्षांत पहिल्यांदा धावले. "मॅडम, मॅडम, गैरसमज नको! हा आमचा कल्पनाशक्तीचा उपक्रम आहे. मुलांनी घडलेलं लिहायचं नाही, मनानं रचायचं. माझीच कल्पना आहे ती, संपूर्ण माझी!"

"म्हणजे हे सगळं काल्पनिक?"

"शंभर टक्के!"

"सर लातूरहून येतात, हेही?"

"सर गावातच राहतात हो! नियमच आहे ना तसा. हा बघा ग्रामसभेचा ठराव." वसंतरावांनी कपाटातून कागद ओढला. शिक्षकाने शाळेच्याच गावी राहायचं असतं, आणि तसा राहतो म्हणून ग्रामसभा दरवर्षी लिहून देते. ठरावात होतं की बिराजदार सर गुरुबसप्पांच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत राहतात.

वर्षाराणी पुन्हा उभी राहिली. "मॅडम, त्या खोलीचं बी पान हाय!"

"बस खाली!" दोन्ही सर एकदम म्हणाले.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

"सर्स रूम इज इन अवर हाऊस. सर डज नॉट लिव्ह इन इट. सोयाबीन लिव्ह्ज इन इट."

मॅडमनी वही हातात घेतली. वाक्याखाली लाल खूण होती, पान ओलांडून पलीकडच्या पानावर गेलेली. भलताच मोठा खड्डा असणार तो.

"चला," मॅडम म्हणाल्या, "खोली बघून येऊ."

वसंतरावांनी दाराआड जाऊन गुरुबसप्पांना फोन केला. घर शाळेपासून चार मिनिटांवर. वसंतरावांनी मॅडमना देवळाकडून, देवळाकडून ओढ्याकडे आणि ओढ्यावरून परत असं फिरवून त्याची वीस मिनिटं केली. "गावाचा भूगोल बघून घ्या मॅडम," असं म्हणत राहिले. मागून बिराजदार सर चालत होते. त्यांच्या मागून, कोणी न बोलावता, सगळी सातवी.

वीस मिनिटांत सत्तरीचा म्हातारा सोयाबीनची पन्नास पोती कुठे हलवणार? गुरुबसप्पांनी जमेल तेवढं केलं. दार उघडलं तर समोर छातीएवढी पोत्यांची थप्पी. थप्पीवर बाज. बाजेवर गादी, गादीवर उशी. खिळ्याला गुरुबसप्पांचं स्वतःचं धोतर, आणि राहता माणूस वाटावा म्हणून दाराशी दाढीचा आरसा.

"सर इथं राहतात?" मॅडमनी विचारलं.

"हाव की! अकरा साल झालं."

"झोपतात कुठं?"

"वरी."

"वर जातात कसे?"

गुरुबसप्पा इतका वेळ छान बोलत होते. आता त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी वसंतरावांकडे बघितलं. वसंतरावांनी पत्र्याकडे बघितलं.

"सवय झालीय मॅडम," सर म्हणाले.

"चढा बरं."

बिराजदार सरांचं वय एकोणपन्नास. पहिल्या पोत्यावर पाय दिला, तो घसरला. दुसऱ्यांदा गुरुबसप्पांनी खालून हात दिला, अमरेशने खांदा दिला, आणि सर कण्हत वर पोहोचले. आडवे झाले तेव्हा नाक आणि पत्रा यांच्यात वीतभर जागा उरली होती. पत्रा तापलेला होता. बाज एका बाजूला कलली, खालच्या पोत्याचं तोंड सुटलं, आणि सोयाबीनचे दाणे मॅडमच्या चपलांभोवती भुरभुर पडायला लागले. मागे सातवीने वह्या काढल्या!

"बिराजदार सर," मॅडम खालून म्हणाल्या, "ऐकू येतंय?"

"येतंय मॅडम."

"दोनच गोष्टी होऊ शकतात. वह्या खऱ्या असतील, तर मला नोटीस काढावी लागेल. पुरावा एकतीस वह्यांत आहे आणि प्रत्येक पानावर तुमची सही आहे. वाचल्याशिवाय तुम्ही सही करत नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

वर बाज करकरली.

"आणि वह्या काल्पनिक असतील, तर पोरांचं इंग्रजी उत्कृष्ट, आणि तुम्ही इथं राहता. काय लिहू?"

उत्कृष्ट! महिनाभर ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द खालून वर आला. सरांनी एक क्षणही घालवला नाही.

"काल्पनिक मॅडम! सगळं काल्पनिक! मी इथंच राहतो!"

"मला वाटलंच." मॅडमनी पेन उघडलं. "मग लातूरचं केंद्र तुम्हाला फार लांब पडेल. इथून रोज जाणं-येणं म्हणजे चार-साडेचार तास! एवढ्या गुणी शिक्षकावर मी असा अन्याय करणार नाही. केंद्रावर ज्यांची कल्पना आहे त्यांनाच नेऊ. वसंतराव, सोमवारपासून तुम्ही लातूरला या. इथला कार्यभार बिराजदार सर बघतील. ते चोवीस तास गावातच असतात."

सर ताडकन उठायला गेले आणि कपाळ पत्र्यावर आपटलं.

"आणि हो," निघताना मॅडम म्हणाल्या, "मी अधूनमधून चक्कर टाकत जाईन. संध्याकाळी सातच्या सुमाराला."

मॅडमची गाडी गेली. गुरुबसप्पा थप्पीपाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, उतरता की आता ऱ्हाताच?"

त्या संध्याकाळी सरांनी पत्नीला फोन केला. "उमा, आता मी शनिवारी येतो. मग पुढच्या शनिवारी."

"म्हणजे सकाळी साडेसहाला डबा नाही?" उमादेवींनी विचारलं.

"नाही."

"अगबाई!" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बघा, तब्येत सांभाळा हं." आवाजात काळजी होती, पण उत्साह जास्त होता.

तर कोणाच्या पदरात काय पडलं बघा. वसंतरावांना लातूर आणि तिथली चांगली खुर्ची. उमादेवींना आठपर्यंतची झोप. मालविका मॅडमना पाहुण्यांना दाखवण्यासारखी शाळा. गुरुबसप्पांची पोती ओसरीत आली, पण त्यांना बँकेचे मेसेज वाचून दाखवायला घरातच माणूस मिळाला. आता गावातले बाकीचेही आपापले मोबाईल घेऊन सकाळपासून ओळीत बसतात. आणि सातवीला तर अख्खे सर मिळाले, सकाळ-संध्याकाळ, रोज नवा विषय! शाळा सुटली की पोरं खोलीच्या खिडकीला लागून उभी राहतात. सर बनियन कसा पिळतात, शेव्हिंग करताना कुठे कापून घेतात, सगळं.

काल सरांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भाकरी केली. ती करपली, हे वाक्य एकतीस जणांनी लिहिलं. कोणी कोणाची नक्कल केली नव्हती. सगळ्यांनी समोर उभं राहून बघितलं होतं. सरांनी भाकरीचा काळा भाग खरवडत खरवडत ते वाक्य एकतीस वेळा वाचलं, एकतीस वेळा बरोबरची खूण केली, आणि उरलेली भाकरी खाल्ली.