मागेल त्याला पासवर्ड

राऊटर घ्यावा की न घ्यावा, यावर धर्मराजआप्पांनी नऊ दिवस विचार केला. (येल्लव्वाशी लग्न करावं का, यावर विचार करायला त्यांना कुणी अर्धा दिवससुद्धा दिला नव्हता.)

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं पोती वाहिलेला माणूस. कसलाही प्रश्न आला की त्यांच्या डोळ्यांपुढं तराजू यायचा. एका पारड्यात त्यांनी तोटे टाकले. किंमत बावीस हजार. उताणा पडलेल्या खेकड्यासारखं रूप, वर आठ शिंगं. शिवाय चालू आहे की बंद, तेही कळायला मार्ग नाही. पंखा निदान फिरतो तरी.

"ह्या पैशात शेळ्या आल्या असत्या," येल्लव्वा खाटेवरून म्हणाली.

"शेळ्या तुला दवाखान्यात न्हेत्यात व्हय गं?"

दुसऱ्या पारड्यात होतं ते एवढंच. येल्लव्वाची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला डायलिसिसला न्यावं लागे. आप्पांची कंबर पोत्यांनी खाल्लेली, त्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. म्हणून मुलगा संघर्ष बेंगळुरू सोडून घरी आला होता आणि घरूनच कंपनीचं काम करत होता. पण घराच्या भिंती दगडी. ऐन मीटिंगमध्ये नेट जायचं. साहेबानं शेवटचं सांगितलं होतं, सोमवारची मीटिंग आणखी दोनदा तुटली तर बेंगळुरूला परत यायचं. मग येल्लव्वाला कोण नेणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दहाव्या दिवशी खेकडा घरात आला.

पहिला आठवडा नेट असं पळालं की संघर्ष हसला. आप्पांनी तो हसलेला फार दिवसांनी पाहिला आणि बावीस हजार तिथंच विसरले. त्यांनी कौतुकानं पासवर्डही पाठ केला. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण वखारीतले पोत्यांचे नंबर तोंडपाठ ठेवलेला माणूस तो.

मग समोरची राजाबाई आली. "धर्माण्णा, नातवाची परीक्षा हाय. ओमकारला जरा तुमचं नेट मिळंल?"

आप्पांनी आधी पासवर्ड दिला, मग चहा.

पुढच्या सोमवारी साहेबापुढं संघर्षचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि तसंच गोठलं. डोळा एक मिटलेला. साहेबानं म्हणे तीन वेळा विचारलं, तुला काही होतंय का?

संघर्ष बाहेर आला तर दारापुढच्या कट्ट्यावर अकरा जण मोबाइल घेऊन बसलेले. सगळ्यांच्या माना खाली. गावात मयत झाल्यासारखी शांतता.

"आप्पा, पासवर्ड कुणाकुणाला दिलाय तुमी?"

"मागितला त्यांना."

"एवढ्या सगळ्यांनी मागितला?"

"काही लाजत हुते. त्यांना मीच बोलवून दिला."

संघर्षनं कपाळाला हात लावला. आत येल्लव्वा हसायला गेली, तिला ठसका लागला आणि दोघेही पाणी घेऊन धावले. तिला पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं, अर्धा पेला. तेवढं तिनं दोन घोटांत संपवलं आणि रिकाम्या पेल्यात बघत राहिली.

"एकच सोमवार उरला," संघर्ष बाहेर येऊन हळू म्हणाला. "आप्पा, हे महागाचं मशीन हाय. ह्यात दोन वाटा करता येत्यात. घरातल्यांची येगळी, बाहेरच्यांची येगळी. बाहेरच्यांना बी मिळंल, पर बारीक."

आप्पा तसेही सावकाशच बोलत.

"मी सात वर्षांचा आसंन," ते म्हणाले. "मळ्यातल्या हिरीवर मला पाणी मिळायचं. न्हाय कुणी म्हनलं न्हाय. पर कळशी वर धरून ओतायचे, वंजळीत. पाणी तेच रं. धार तेवढी बारीक."

संघर्ष उठून आत गेला.

सोमवार आला. सकाळपासून आप्पांनी कट्ट्यावर नजर ठेवली. कट्टा भरलेला. पंधरा माणसं. त्यातल्या एकालाही ऊठ म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, आणि आत संघर्ष पाऊण तास इंग्रजीत अखंड बोलला. एकदाही तुटलं नाही.

"बघ," आप्पा येल्लव्वाला म्हणाले. "दिल्यानं कमी हुत न्हाय." दिवसभर ते गल्लीत ताठ मानेनं फिरले. कंबरसुद्धा दुखली नाही म्हणतात.

मंगळवारी संघर्ष आईला घेऊन कोल्हापूरला गेला. चार तास ती मशीनला जोडलेली पडून असते, तेव्हा तो आप्पांना व्हिडिओ कॉल लावून देतो. आप्पांनी फोन डोळ्यांपुढं धरला. येल्लव्वाचं कपाळ आलं. मग थांबलं. मग एक डोळा. हनुवटी यायच्या आत आवाज गेला.

ते घाबरून कट्ट्यावर आले. "ओमकार, बघ रं. तिला काय झालं का फोनला?"

ओमकारनं फोन हातात घेऊन पाहिला. "आप्पा, आईंना काय न्हाय. तुमी आमच्यात हाय."

"म्हंजे?"

"संघर्षदादानं रविवारी दोन वाटा केल्या न्हवं का. जुना पासवर्ड बाहेरच्यांचा. घरातला नवा हाय, तो तुमास्नी सांगितलेला दिसत न्हाय."

आप्पा कट्ट्यावर टेकले. हातातल्या फोनमध्ये येल्लव्वाचा एक डोळा त्यांच्याकडं बघत होता. (राग कुणावर करावा, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. तराजू आला होता म्हणे, पण दोन्ही पारड्यांत पोरगाच बसलेला.)

"मला का सांगितला न्हाय त्यानं?"

"तुमाला सांगितला असता, तर आमी मागितला असता की."

आप्पांना हे पटलं. त्यांनी मान हलवली आणि फोन पुन्हा डोळ्यांपुढं धरला. येल्लव्वाची हनुवटी आली. ओठ आले. ओठ हलले, आणि ती विचारत होती, "जेवलासा का?" आप्पा "व्हय, व्हय" म्हणत फोनला अगदी नाक लावून बसले.

शेजारून ओमकारनं त्यांच्या खांद्याला हळूच हात लावला.

"आप्पा, बघून झालं की बंद करा हां. तुमच्यामुळं सगळ्यांचं हळू चालतंय."