वाडी ते दवाखाना: चौदा सेकंद

कोणत्याही दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे त्यांना जोडणारी सरळ रेषा. हे आपण सगळे शाळेत शिकलो आणि आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. तुम्हीही आत्ता मान डोलावलीत, त्याची नोंद घेतली आहे.

याच पायावर आमच्या भागातल्या एका कार्यालयाने (नाव कशाला, पाटी कधीच पडली आहे) हवाई अंतराचं धोरण स्वीकारलं. मोबाईलवर दोन नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ लगेच मिळतो. भोर ते वेल्हे सुमारे सत्तावीस किलोमीटर, दोन मिनिटं. (विमानतळ दोन्हीकडे नाही. तो विषय दुसऱ्या खात्याचा.) या हिशोबाने इथला एकही माणूस कशापासूनही लांब राहत नाही, हे सिद्ध झालं आणि रस्त्यांच्या मागण्या त्याच दिवशी निकालात निघाल्या.

मग वरच्या वाडीची पाळी आली. भोरच्या अंगाला, डोंगरमाथ्याखाली सव्वीस उंबरे. तिथे आठवड्यातून दोनदा येणारी नर्सबाई बंद करून वाडी पलीकडच्या, वेल्ह्याच्या बाजूच्या दवाखान्याला जोडायचं ठरलं. हवाई अंतर ३.२ किलोमीटर, वेळ चौदा सेकंद. पायी डोंगर ओलांडून चार तास. एसटीने आख्खा दिवस, गाडी आली तर.

पाहणीला सोमनाथराव नावाचे अधिकारी आले. ठकुबाईंची सून प्रांजल आठव्या महिन्यात होती. नर्सबाई राहावी एवढंच ठकुबाईंना हवं होतं, म्हणून त्यांनी साहेबांना दुधाचा चहा केला.

"दवाखाना लांब पडेल का हो?"

"लई लांब, सायब. मधी डोंगर हाय न्हवं."

"तिकडे कुणी ओळखीचं?"

"माजी भन हाय की! खिंडीतनं हाळी दिली का ती परड्यातनं ओ देती. माज्यावानी हाळी हितं कुनाची न्हाई."

आमच्याकडे पाहुण्यापुढे आपल्या हाळीची बढाई मारायची रीतच आहे. सोमनाथरावांनी लिहून घेतलं: 'दवाखाना हाकेच्या अंतरावर असल्याचे लाभार्थीने स्वखुशीने कबूल केले.' खाली ठकुबाईंचा अंगठा. नर्सबाई बंद झाली.

महिन्याभराने, सकाळी नऊला प्रांजलला कळा सुरू झाल्या. चौघांनी घोंगड्याची झोळी करून तिला उचललं. खिंडीत पोचल्यावर ठकुबाईंनी हाळी दिली, बहिणीने ओ दिली आणि ती दवाखान्याकडे पळाली. (अहवालात याची नोंद 'हवाई सेवा' अशी आहे.) तिथली नर्सबाई धापा टाकत वर आली, तोवर उघड्या कातळावर, आजीच्या हातांत नात जन्मली होती. दोघी जगल्या. श्रेय धोरणाला देण्यात आलं. मला त्या दिवसाचा अजून संताप येतो, पण अहवालात त्याला रकाना नाही.

गेल्या आठवड्यात ठकुबाईंना नोटीस आली. अंतर चौदा सेकंदांचं असताना रुग्ण वेळेत दवाखान्यात का पोचवला नाही, याचा खुलासा समक्ष येऊन करावा. मी ती वाचून दाखवली. ते चौदा सेकंद सरळ रेषेचे, हेही बाईंना सांगितलं.

"ह्या सरळ रेघंला व्हय म्हनलं कोन, त्येवढं सांगा. मला त्याला भेटायचंय."

मी कार्यालयात जाऊन फाईल काढून पाहिली. धोरणावर हरकती मागवल्या होत्या, एकही आली नाही. शेरा आहे, 'जनतेची संमती'. पुढे सहीची जागा कोरी आहे.

म्हणून मी तुमचं नाव सांगितलं. ठकुबाई आज सकाळीच निघाल्या आहेत, पायी.