उतारावरचा काटा

"पाव टाकी! सकाळी अर्धी होती, आता पाव!"

काटेसाहेब हे वाक्य घेऊनच स्वयंपाकघरात शिरले. त्यांचं आडनाव खरं तर वेगळंच होतं. एकतीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक म्हणून त्यांनी दुकानादुकानांतले काटे तपासले, म्हणून गल्लीनं हे नाव बहाल केलं होतं. माणसाच्या शब्दावर त्यांनी फारसा विश्वास कधी ठेवला नाही. काट्यावर मात्र डोळे मिटून ठेवला.

"अहो, सूनबाई गाडी घेऊन कामाला जाते. पेट्रोल जळणारच," बायको म्हणाली.

"दवाखाना तीन किलोमीटरवर आहे. तेवढ्याला पाव टाकी? विमान चालवते का ती?"

सून दवाखान्यात रक्त तपासायची. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने घराबाहेर. जाताना त्यानं गाडीची किल्ली बापाच्या हातात न देता आपल्या बायकोच्या हातात दिली, हे साहेबांना आतून सलत होतं. गाडी जुनी होती. किलोमीटरचे आकडे केव्हाच अडकलेले, पेट्रोल संपत आल्याचं सांगणारा दिवाही गेलेला. त्यामुळे सगळी भिस्त काट्यावर.

घर चढावरच्या अरुंद गल्लीत. संध्याकाळी सून खालून यायची आणि गाडी तशीच, चढाकडे तोंड करून लावायची. सकाळी काटेसाहेब खुंटीवरची तिची किल्ली घेऊन गाडी पुसायचे आणि गल्लीत वर नेऊन, वळवून, उताराकडे तोंड करून उभी करायचे. सून नवशिकी, वळवताना भिंत घासेल ही काळजी. नवशिकी असल्यामुळे ती चालवताना रस्त्यावरून नजर हलवत नसे. काटा बघायची तो निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वळवून झाल्यावर साहेबांनी काटा पाहिला आणि फडकं हातातच राहिलं. पुन्हा अर्धी!

"बघितलंस? दिवसभर हुंदडते आणि परत भरून ठेवते. पुरावा मिटवायला!" ते बायकोच्या कानाशी कुजबुजले.

"कधी भरते? काल आल्यापासून ती माझ्यासमोर होती."

"तेच तर शोधायचंय."

मग पाळत सुरू झाली. संध्याकाळी काटा झोपलेला, सकाळी उठून बसलेला. साहेबांनी माळ्यावर कॅन शोधला, सुनेच्या पिशवीचा वास घेतला. सून "बाबा, चहा देऊ?" म्हणाली तरी त्यांना त्यात काळंबेरं दिसायला लागलं. शनिवारी संध्याकाळी काटा पार लाल रेघेला टेकला. रविवारी सकाळी पुन्हा पाव टाकी!

"आज विहीणबाईंकडे जेवायला जायचंय ना? तिच्या आईसमोरच विषय काढतो आणि किल्ली माझ्याकडे घेतो," त्यांनी जाहीर केलं.

"माझं लेकरू आहे ते. दुखावलं ना, तर या घरात तुम्ही आणि तुमचा काटा दोघंच राहा," बायको म्हणाली. पण साहेबांचं ठरलं होतं.

गाडी साहेबांनी चालवायला घेतली. सून शेजारी, बायको मागे. उतार संपला, सपाट रस्ता लागला, आणि थोड्या वेळानं गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. काटा लाल रेघेखाली आडवा.

"बाबा, आज भरायला विसरलात का?" सुनेनं हळूच विचारलं.

"मी? मी कशाला भरू?"

"रोज भरता की. संध्याकाळी मी संपवून आणते, सकाळी टाकीत असतंच. तुम्हाला आभार मानलेले आवडत नाहीत, म्हणून बोलले नाही."

"अगं, रोज तर तू भरतेस!"

"मी कशाला?"

मागून बायकोनं हिशेब चुकता केला. "यांना वाटत होतं तू गाव हिंडतेस आणि चोरून भरून ठेवतेस. पंधरा दिवस पाळत ठेवलीय तुझ्यावर."

सून खिडकीबाहेर बघत राहिली. ती चिडली असती तर बरं, असं साहेबांना वाटलं.

जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक कॅन घेऊन आला. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "गाडी चढावर लावता?"

"हो."

"मग बरोबर आहे. टाकीत दांडीला एक गोळा तरंगतो. पेट्रोल वर तर गोळा वर, गोळा वर तर काटा वर. तुमच्या गाडीत तो पुढच्या बाजूला आहे. तोंड उताराकडे केलं की पेट्रोल पुढं जमतं, काटा चढतो. तोंड चढाकडे केलं की पेट्रोल मागं, काटा खाली. पेट्रोल तेवढंच. साहेब, काटा सपाटीवर बघायचा असतो. वजनकाटा कुणी उतारावर मांडतं का?"

काटेसाहेबांचे कान लाल झाले. एकतीस वर्षं प्रत्येक दुकानात पाऊल ठेवताच त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं: आधी काटा सपाटीवर ठेवा. त्याशिवाय दंडाची पावती त्यांनी कधी फाडली नव्हती.

"चुकलो, बाळ," ते म्हणाले. एवढंच जमलं. सुनेनं मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. "या, या! असे सासरे कुणाला मिळतात हो? रोज सकाळी उठून सुनेच्या गाडीत पेट्रोल भरायचं, आणि तोंडातून अवाक्षर नाही! मी तर अख्ख्या नात्यात सांगून आलेय."

साहेबांनी चपला काढायच्या निमित्तानं मान खाली घातली ती वर करेनात. आता सून सगळं सांगणार. सांगावंच तिनं.

"हो ना, आई," सून म्हणाली. "बाबा असेच आहेत."

जेवताना साहेबांनी किल्लीचा विषय काढला नाही. घरी आल्यावर त्यांनी ती खिशातून काढून सुनेच्या हातात ठेवली.

सोमवारी सकाळी सून खाली आली तेव्हा गाडी पुसून, वळवून तयार होती. तिनं किल्ली फिरवली. काटा सरसर वर गेला आणि अगदी शेवटच्या रेघेला जाऊन थांबला.

"बाबा, टाकी फुल दाखवतेय!"

"असेल, असेल. उतार आहे ना," काटेसाहेब म्हणाले, आणि पेट्रोलचा वास येणारे हात त्यांनी घाईघाईनं फडक्यात लपवले.